परगावचा पैसा आणि गोमंतकातील घर

गोमंतकाच्या आर्थिक इतिहासाचा विचार बहुधा बंदर, खाण आणि जकात यांच्यापाशीच थांबतो. येथील असंख्य चुली ज्या पैशावर पेटल्या, तो मात्र परगावी गेलेल्या माणसांनी घरी धाडलेला होता.

पोटासाठी मुंबई गाठणे येथे जुनेच. परंतु या प्रवाहाला खरा वेग आला तो १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर. १८८० मध्ये तो अमलात आला. जकातीची सीमा उठली. वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे गेला. अबकारीची पकडही घट्ट झाली. मिठागरांत राबणारे आणि माडावर चढणारे रेंदेर यांच्या पोटावरच हा घाव होता. १८८८ मध्ये मुरगावचा लोहमार्ग कॅसलरॉकला पोहोचला आणि मालासाठी घातलेल्या रुळांनी माणसे बाहेर नेण्याचेही काम चोख बजावले. करार १८९२ मध्ये संपला. गेलेले मात्र परतले नाहीत.

सासष्टी-बार्देशच्या तारवट्यांचा मुंबईतला आधार म्हणजे गावोगावचे 'कूड'. धोबीतलाव-माझगावच्या त्या खोल्यांत पेटी ठेवायची, बोट मिळेपर्यंत थांबायचे आणि पगार झाला की गावी पैसे पाठवायचे. हिंदू समाजाने १९१९ मध्ये मुंबईत गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली, तीही परगावच्या या वस्तीमुळेच. इकडे शेत, सावकार आणि म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्या दप्तरात आहे? आलेला पैसा घर, लग्न, देवकार्य यांत गेला. खाजनांच्या बांधांपर्यंत फारसा पोहोचला नाही, असे माझे मत आहे. त्याबद्दल त्या घरांना बोल लावणे मात्र अन्यायाचे होईल.

१९५४-५५ च्या आर्थिक नाकेबंदीत गोव्यात पैसे पाठवण्यावर निर्बंध आले, रेल्वेही थांबली. मुक्तीची आस आणि घरची चूल यांची अशी ओढाताण अनेकांनी मुकाट्याने सोसली. पुढे खाणी वाढल्या आणि १९६१ नंतर शेजारच्या प्रांतांतील मजूर येऊ लागले. म्हणजे आपल्याच पोस्टातून आता उलट दिशेने, विजापूर-बेळगावकडे, पैसा निघू लागला! याच काळात आपली मुले आखातात गेली. २००८ च्या स्थलांतर-अभ्यासाने बाहेरून येणारी रक्कम वर्षाला सुमारे ७०० कोटी रुपये धरली आहे.

आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या देणगीवह्या कोणी अभ्यासकाने या दृष्टीने एकदा चाळाव्यात. देणाऱ्याच्या नावापुढे गाव कोणते लिहिले आहे, तेवढेच प्रथम पाहावे.