अक्षरांचे आटे

पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी म्हणून ओळख झाली, त्याला आता सहा-सात दशकं होत आली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पायाभरणी झाली. साठच्या दशकात चिंचवड, भोसरी, आकुर्डी परिसरात औद्योगिक वसाहत वाढली. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि पुढे कारखान्यांची रांग थेट चाकणपर्यंत गेली. पण याच पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. त्यामुळे मराठी ग्रंथांचा इतिहास सांगताना या भागाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. संगणक आल्यावर मराठी पुस्तकाचं, छपाईचं आणि त्या धंद्याचं काय झालं, हा आजचा विषय मी इथल्याच मातीवर उभा राहून मांडणार आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण कवीचा संसार अक्षरांवरच चालतो, त्यामुळे या बदलाची झळ आणि ऊब दोन्ही मला लागली.

सुरुवात चाकणपासून करू. संत तुकारामांचे टाळकरी संताजी जगनाडे हे चाकणचे. तुकोबांचे अभंग त्यांनी आपल्या वहीत उतरवून ठेवले. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तरली, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. त्यातल्या श्रद्धेचा भाग ज्याने त्याने मानावा. ग्रंथव्यवहाराच्या दृष्टीने मात्र त्यात एक रोकडा धडा आहे. ग्रंथाची एकच प्रत असेल तर तिला पाण्याचं भय असतं. तोच ग्रंथ अनेकांच्या मुखी आणि अनेकांच्या वह्यांत असेल तर त्याला कोणी बुडवू शकत नाही. मुंबई सरकारच्या आश्रयाने १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेची प्रत निघाली, तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखितांचा आधार घेतला. यातली तीन गावं आपल्या या पट्ट्याच्या आसपासचीच आहेत. पुढे वि. ल. भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास संताजींच्या वहीवरून गाथा छापली. म्हणजे अडीचशे वर्षांहून जुनी वही कोणीतरी उघडली आणि ती वाचता आली. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

छपाईचं यंत्र मराठीला सहजासहजी वश झालं नाही. विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये दूर बंगालातल्या श्रीरामपूरला छापलं गेलं. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि तिथल्या सुबक टाइपाने देशभर नाव मिळवलं. इंग्रजीचं काम थोड्या खिळ्यांत भागतं. आपल्याला काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनीही खटपट केली होती. खिळे जुळवणारा जुळारी हा छापखान्याचा कणा असे. अक्षरं उलटी वाचण्याची त्याची सवय आणि केसमधल्या प्रत्येक खणाची त्याच्या बोटांना असलेली ओळख, हे एक स्वतंत्र कसबच होतं.

आता थोडं कारखान्यात जाऊ. माझे अब्बा भोसरीच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर होते. तिथल्या गेजविषयी ते नेहमी सांगायचे. आटे पाडलेला नट तपासायला दोन टोकांचं गेज असतं. एक टोक नटात गेलंच पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. त्यात पास झाला तर माल, नाही तर भंगार. एका शेडमध्ये पाडलेला नट दुसऱ्या शेडमधल्या बोल्टवर निमूट बसतो, कारण दोघांनी एकच माप मान्य केलेलं असतं. पूर्वी असं नव्हतं. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी सर्वांसाठी एकच माप सुचवलं आणि तिथून चित्र बदलत गेलं. भोसरीतल्या छोट्या पुरवठादाराचा भाग चाकणच्या मोठ्या गाडीत बसतो, तो या मान्य मापाच्या जोरावर.

मराठी अक्षरांना असं माप नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून डीटीपी आलं. खिळ्यांच्या केस भंगारात गेल्या. काही जुळारी कीबोर्ड शिकले, बरेच घरी बसले. पडद्यावर मराठी दिसू लागलं खरं, पण ते संगणकाला मराठी म्हणून कळत नव्हतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. शिवाय कोणत्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरतं ठरवलेलं. थोडक्यात, प्रत्येकाचे आटे वेगळे!

त्याचा अनुभव मलाही आला. माझा पहिला कवितासंग्रह १९९८ साली निगडीच्या एका छोट्या केंद्रात जुळला. अकरा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरच्या चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट ज्या प्रणालीचा होता ती कोणाकडेच उरली नव्हती. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून साऱ्या कविता पुन्हा टाइप कराव्या लागल्या. संताजींची वही अडीच शतकांनंतरही उघडली. माझी फाइल अकरा वर्षांत बंद झाली.

उर्दूचंही असंच झालं. आमच्या घरी येणारं उर्दू वर्तमानपत्र कातिब हाताने लिहीत आणि मग ते छापलं जाई. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी नस्तालीक लिपी यंत्रावर आणली, नव्वदच्या दशकात 'इनपेज' आलं आणि कातिबांची लेखणी हळूहळू थांबली. पण तिथेही अक्षरं एकाच प्रणालीच्या कुलपात राहिली.

हे कुलूप उघडण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम १९८८ नंतर पुण्याच्या 'सी-डॅक'मध्ये वाढलं. भारतीय लिप्यांसाठीची 'इस्की' ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने मानक म्हणून स्वीकारली. नट-बोल्टची मापं ठरवणारी संस्थाही हीच, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीची मांडणी 'इस्की'च्याच धर्तीवर होती. युनिकोडची कल्पना सोपी आहे. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. आपल्या 'क'चा क्रमांक २३२५. तो चाकणच्या कामगाराच्या फोनमध्ये तोच आणि शिकागोच्या संगणकातही तोच. विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट रचणारे र. कृ. जोशी स्वतः कवी आणि सुलेखनकार होते, याचा मला कवी म्हणून अभिमान वाटतो. मात्र 'ॲ' या आपल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळायला २००८ साल उजाडलं. जी भाषा उशिरा मागते, तिला उशिरा मिळतं.

माप एक झालं आणि धंद्याचं रूप बदललं. मराठी मजकूर शोधता येऊ लागला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पूर्वी परवडण्यासाठी हजारभर प्रती छापाव्या लागत आणि त्या प्रकाशकाच्या माळ्यावर धूळ खात पडत. आता डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. हिंगोलीहून चाकणला आलेला मुलगा खोलीवर पुस्तक मागवू शकतो आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आपली कविता फोनवर लिहूनही ठेवू शकतो. याची दुसरी बाजूही आहे. आख्खं पुस्तक फोनवरून फुकट फिरतं तेव्हा लेखक-प्रकाशकाच्या हाती काही पडत नाही. तुकोबांचे अभंग सर्वांचे आहेत, ते खुशाल वाटावेत. पण आज लिहिणाऱ्याची चूलही पेटली पाहिजे. प्रत काढणं सोपं झालं, म्हणून पुस्तक लिहिणं सोपं झालेलं नाही.

आणि मोठं काम अजून पडून आहे. डीटीपीच्या पहिल्या वीस वर्षांत जुळलेली कितीतरी मराठी पुस्तकं, गावोगावची नियतकालिकं आणि संस्थांची स्मरणिका-वृत्तं जुन्या फॉन्टच्या फायलींत अडकली आहेत. त्यांचं युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची साधनं आज उपलब्ध आहेत. आळस फक्त आपला. पिंपरीत जानेवारी २०१६ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन थाटात झालं. तसा उत्साह या कामासाठीही दिसायला हवा. कारखान्यांत संगणक जाणणारी हजारो तरुण माणसं याच शहरात राहतात. एखाद्या वाचनालयाने त्यांना हाक दिली तर रविवारच्या सुटीत हे काम मार्गी लागू शकेल.

लेखकांना माझं सांगणं एवढंच की, पुस्तक छापून झालं की युनिकोडमधली फाइल मागून घ्या, ती दोन-तीन ठिकाणी ठेवा आणि काही छापील प्रती वाचनालयांना द्या. पूर आता फक्त नदीला येत नाही. बंद पडलेल्या यंत्रातही ग्रंथ बुडतात, आणि तिथून त्यांना वर काढायला माणसाचेच हात लागतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)