फेरातून रांगेत: शाळेच्या रंगमंचाचा इतिहास

प्राथमिक शाळेतील मुलांनी वर्षातून एकदा रंगमंचावर उभे राहून पालकांसमोर नाच, गाणे आणि नाटुकले सादर करावे, ही प्रथा मराठी समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही जन्म आणि वय असेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तिचे रूढ नाव मात्र तिचा उगम सांगून जाते. इंग्रजी राजवटीतील महाविद्यालयांच्या ‘सोशल गॅदरिंग’मधला मागचा शब्द बोलभाषेने उचलला, लेखी व्यवहाराने त्याला ‘स्नेहसंमेलन’ असा भारदस्त प्रतिशब्द दिला, आणि महाविद्यालयातून माध्यमिक, माध्यमिकातून प्राथमिक शाळेत उतरत ही प्रथा गावोगाव पोहोचली. दुबईतील डिस्कव्हरी गार्डन्ससारख्या वसाहतीत वाढणारी मराठी मुले आज आपल्या शाळेत ज्या ‘ॲन्युअल डे’साठी नाच शिकतात, तो याच प्रथेचा पुढचा टप्पा आहे. या प्रवासात गाणी बदलली, कपडे बदलले. पण सर्वांत खोल बदल नाचणाऱ्यांच्या उभे राहण्यात झाला. एकमेकांकडे तोंड करून धरलेला फेर मोडला आणि प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिलेली रांग आली.

शाळेच्या रंगमंचापूर्वी मराठी मुलामुलींचे नाचगाणे ज्या सणांत होते, त्यांत भोंडला हा सर्वांत ठळक. आश्विनात, सूर्य हस्त नक्षत्रात असण्याच्या सुमारास मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून तो अंगणाच्या मधोमध ठेवत आणि त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणत. याच खेळाला दक्षिण महाराष्ट्रात हादगा म्हणतात, तर विदर्भ-खानदेशात त्याचे जवळचे भावंड भुलाबाईच्या रूपाने नांदते. परंपरेप्रमाणे हा खेळ सोळा दिवस चाले. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाणी वाढत जात आणि त्याच हिशेबाने खिरापतीही वाढत. खिरापत म्हणजे खेळ संपल्यावर वाटायचा खाऊ. तो झाकलेल्या डब्यात ठेवून, डबा कानाशी हलवून, आत काय आहे ते इतरांनी ओळखायचे असते, आणि लवकर ओळखता येणार नाही असा पदार्थ करण्यात यजमानीण मुलीच्या आईची कसोटी लागते. या साऱ्या व्यवहारात प्रेक्षक नावाची जागाच नाही: जी फेरात आहे ती गाते, जी गाते ती नाचते, आणि ज्याच्याभोवती नाचायचे तो हत्ती मधोमध असल्यामुळे फेराला पुढची बाजू आणि मागची बाजू असा भेद उरत नाही.

शाळेचा आणि सणाचा संबंध मात्र गॅदरिंगच्या आधीपासून होता. दसऱ्याच्या पाटीपूजनासाठी मुले पाटीवर ‘१’ हा आकडा पुन्हा पुन्हा, एकाला एक जोडून, उभा आणि उलटा काढत, आणि त्या आकड्यांतून उमटलेल्या आकृतीला सरस्वती म्हणून झेंडूची फुले वाहत. नुकतेच आकडे गिरवू लागलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने काढता येईल अशी ती देवता होती. या विधीतही बघे नव्हते. प्रत्येकाची पाटी वेगळी आणि प्रत्येकाची पूजा आपापली.

प्रेक्षकांसमोर उभ्या राहणाऱ्या मुलांची रांग मराठी सार्वजनिक जीवनात रुळवली ती मेळ्यांनी. 1893 मध्ये पुण्यात गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप मिळाल्यानंतर एकसारखा पोशाख केलेली, बसवलेली पदे म्हणणारी, टिपऱ्या किंवा लेझीम खेळणारी पथके उत्सवात मिरवू लागली. त्यांना मेळे म्हणत, आणि त्यांत शाळकरी व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा मोठा भरणा असे. मेळ्यांतील पदे देवाच्या स्तुतीपुरती थांबत नसल्यामुळे इंग्रज सरकारने पुढे त्यांच्यावर निर्बंध घातले. पण संघाने, एका ठेक्यावर, लोकांसमोर सादर होण्याची जी शिस्त मेळ्यांनी लावली, ती शाळांच्या कामी आली. लेझीमचा प्रवासही असाच आहे. मूळ लेझीम म्हणजे तालमीतील व्यायामाचे जड साधन, धनुष्यासारख्या दांड्याला लोखंडी साखळी बांधलेले. शाळेच्या हाती आले ते लाकडी दांड्याचे, पातळ चकत्या खुळखुळणारे हलके रूप, जे सात-आठ वर्षांच्या मुलालाही पेलते.

हा बदल मराठी क्रियापदांनी नेमका टिपून ठेवला आहे. भोंडला खेळतात, लेझीमही खेळतात, फुगडी घालतात, फेर धरतात. गॅदरिंगचा नाच मात्र ‘बसवतात’. बसवणे म्हणजे कोणीतरी बाहेर उभे राहून, कोणी कुठून यायचे, कोणत्या ठेक्याला हात वर करायचा, शेवटी कोणती पोझ घ्यायची हे ठरवणे. भोंडल्याला अशा व्यक्तीची गरज नव्हती, कारण लहान मुलगी फेरात शिरून, मोठ्या मुलींचे पाहत, चुकत-माकत तो शिकत असे. नाच बसवायचा म्हटला की बसवणाऱ्या बाई आल्या, तालमी आल्या, निवड आली, आणि निवडीबरोबर वगळली गेलेली मुलेही आली. भाड्याने ड्रेपरी, म्हणजे वेशभूषेचे कपडे आणि दागिने, पुरवणाऱ्या दुकानांचा हंगामही गॅदरिंगच्या दिवसांशी जोडला गेला.

यात ध्वनिमुद्रित संगीताने आणखी एक फारकत घडवली. 1953 च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले, पु. ल. देशपांडे यांनी संगीत दिलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले मोराचे गाणे पुढे शाळाशाळांच्या गॅदरिंगमध्ये हमखास नाचले जाऊ लागले, आणि अशा बालगीतांच्या तबकड्यांमुळे, पुढे कॅसेटमुळे, नाचणाऱ्या मुलांनी गाण्याची आवश्यकता उरली नाही. फेरात एकच असलेले गाणारे आणि नाचणारे येथे वेगळे झाले: गाणे यंत्रातून येऊ लागले आणि मूल ओठ मिटून नाचू लागले.

या प्रथेला कलेचे अधिष्ठान देण्याचे प्रयत्नही झाले. 1959 मध्ये सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’ ही बालरंगभूमीची संस्था सुरू करून रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे नाटक रंगमंचावर आणले, आणि मुलांसाठीचे नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकाची तोकडी नक्कल नव्हे, हे दाखवून दिले. मतकरींनी पुढे स्वतःच्या ‘बालनाट्य’ संस्थेतून हेच काम चालू ठेवले. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका राहिलेल्या अभिनेत्री सुलभा देशपांडे यांनी ‘आविष्कार’ संस्थेची मुलांची शाखा ‘चंद्रशाला’ उभी केली, आणि तिच्या ‘दुर्गा झाली गौरी’ या नृत्यनाट्यात मुलांचा मोठा समूह गाणे, नाच आणि अभिनय एकत्र करत असे. गाणे आणि नाच यांची जी फारकत तबकडीने केली होती, ती सांधण्याचा हा जाणता प्रयत्न होता. बहुतेक प्राथमिक शाळांत मात्र तबकडीवरच्या नाचाचीच सत्ता राहिली, कारण चाळीस मुलांना आठवडाभरात रंगमंचावर आणण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग होता.

ही प्रथा पुढे ज्या दुबईत पोहोचली, तिच्याशी मुंबईचा संबंध जुना आहे. 1966 पर्यंत तेथील व्यवहारात भारतीय रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत असे, आणि संयुक्त अरब अमिरातीचे संघराज्य स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधी, 1961 मध्ये, तेथे ‘द इंडियन हायस्कूल’ सुरू झाले होते. डिस्कव्हरी गार्डन्स ही त्या मानाने अगदी अलीकडची वसाहत. नखील या विकासक कंपनीने जबल अली भागात, 2005 मध्ये उघडलेल्या इब्न बतूता मॉलजवळ, बुटक्या इमारतींचे हे समूह उभारले आणि त्यांना झेन, मेडिटेरेनियन, मोगल, कॅक्टस अशी बागांच्या शैलींची नावे दिली. 2021 मध्ये येथे मेट्रोचे स्थानकही आले. मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे, त्यांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि त्यांची मुले बसने आसपासच्या शाळांत जातात. शेजारच्या ‘द गार्डन्स’ या वसाहतीतील दिल्ली प्रायव्हेट स्कूल ही त्यांपैकी भारतीय अभ्यासक्रमाची एक शाळा.

महाराष्ट्रातील मुलाला शाळेखेरीज गणेशोत्सवाचा मांडव, सोसायटीचे आवार, गावची जत्रा असे अनेक रंगमंच मिळतात, आणि त्यांतील बहुतेक वर्गणीवर उभे असतात. दुबईत निधी गोळा करण्यावर 2015 च्या 9 क्रमांकाच्या अध्यादेशाने नियंत्रण आहे. अधिकृत परवानगीविना दारोदार वर्गणी मागता येत नाही, आणि परवान्याशिवाय रस्त्यावर मांडव घालण्याचाही प्रश्न येत नाही. गणपती घरात बसतो आणि पूजा घरात किंवा मंदिरात होते. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जबल अलीतच मोठे हिंदू मंदिर उघडल्यामुळे डिस्कव्हरी गार्डन्सच्या रहिवाशांना ते जवळ आले. मुलाला लोकांसमोर उभे करणारा रंगमंच मात्र मुख्यतः शाळेचाच उरतो, आणि म्हणून मायदेशी जो भार अनेक ठिकाणी वाटला गेला होता, तो येथे एकट्या ॲन्युअल डेवर येऊन पडतो.

तेथे पोहोचल्यावर नाचाचा अर्थही बदलतो. पुण्याच्या शाळेत बसवलेले कोळीनृत्य हे कोळ्यांचे असते, लेझीम हे लेझीमच असते. मल्याळी, गुजराती, पंजाबी, तमिळ मुलांच्या बरोबरीने सादर होताना तेच काही मिनिटांत ‘महाराष्ट्र’ होते. नऊवारी, नथ आणि फेटा ही प्रदेशाची खूण बनते, आणि घरी मराठी बोलणारे मूल त्या खुणेचे प्रतिनिधी ठरते. ऋतूशी असलेला धागा तर पूर्णच तुटतो. हस्ताच्या सरींना मराठीत ‘हत्तीचा पाऊस’ म्हणतात आणि भोंडल्याचा हत्ती त्याच पावसाची आठवण आहे. दुबईत सप्टेंबरअखेर पाऊस नसतो, उन्हाळाच असतो, आणि सणाचा दिवस नक्षत्रापेक्षा सुट्टीच्या वारावरून ठरतो. हा वारही स्थिर राहिला नाही, कारण 2006 पासून शुक्रवार-शनिवार असलेली साप्ताहिक सुट्टी जानेवारी 2022 पासून शनिवार-रविवार झाली.

तोंड प्रेक्षकांकडे वळण्याचा हा बदल केवळ मराठी मुलांच्या वाट्याला आलेला नाही, हे त्याच शाळांच्या अंगणात 2 डिसेंबरच्या सुमारास दिसते. 1971 मध्ये संघराज्य स्थापन झाल्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमांत मुले अमिराती वेश करून ‘अय्याला’ सादर करतात. अय्याला म्हणजे सुमारे वीस-वीस पुरुषांच्या दोन रांगांनी हातात बांबूच्या बारीक काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहून, मधल्या ढोलवाल्यांच्या ठेक्यावर, माना आणि काठ्या एकसाथ हलवत काव्य म्हणण्याची कला. ओमान आणि अमिरातीच्या या कलेचा 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. या मूळ रचनेत रांगा आहेत, पण त्यांचे तोंड परस्परांकडे आहे. भाले-तलवारींचे स्मरण देणाऱ्या त्या काठ्यांना समोर प्रतिपक्ष हवा असतो. शाळेच्या रंगमंचावर पालक एकाच बाजूला बसलेले असल्यामुळे या समोरासमोरच्या रांगांनाही तोंड वळवण्याचा मोह होतो, आणि भोंडल्याचे जे झाले तेच अय्यालाचे होते. मुलांच्या ‘हक अल लैला’चेही तसेच: शाबान महिन्याच्या मध्यावर अमिराती मुले कापडी पिशव्या घेऊन, गाणी म्हणत घरोघरी जाऊन सुकामेवा आणि गोळ्या मिळवतात, शाळेत त्याचा कार्यक्रम झाला की दार उघडणारी शेजारीण जाते आणि टाळ्या वाजवणारा प्रेक्षक येतो.

रंगमंचाने मुलांचे नुकसानच केले, असा निष्कर्ष यातून काढणे अन्यायाचे होईल. मेळ्याने आणि गॅदरिंगने बुजऱ्या मुलांना चार लोकांत उभे राहायला शिकवले, जातीपातीच्या आणि वाड्यावस्तीच्या फेरात ज्यांना शिरता येत नव्हते त्यांना रांगेत जागा दिली, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलाला शाळेत सर्वांसमोर आपले वेगळेपण अभिमानाने दाखवता आले ते या रंगमंचामुळेच. पण रांग फेराची जागा घेऊ शकत नाही, कारण रांगेतले मूल कोणासाठी तरी नाचते आणि फेरातले मूल कोणाबरोबर तरी. दुबईत आज शाळेने पहिली बाजू नीट सांभाळली आहे. दुसरी सांभाळण्याची जबाबदारी घरांवर येते, आणि ती फारशी खर्चिक नाही. भोंडल्याला परवाना, ड्रेपरी, ट्रॅक आणि बसवणाऱ्या बाई यांपैकी काहीच लागत नाही. दिवाणखान्यात एक पाट, खडूने काढलेला हत्ती, पाच-सहा मुली आणि सहजासहजी ओळखता येणार नाही अशी खिरापत, एवढ्यावर तो होतो.