कुंडीतील नव्या रोपांचे पहिले पंधरा दिवस

चतुर्थी सरून पाऊस ओसरू लागला की गोव्यातील अंगणांत आणि शहरी सदनिकांच्या बाल्कन्यांत कुंड्या नव्याने भरल्या जातात. रोपवाटिकेत टवटवीत दिसलेली तुळस, पुदिना किंवा पानओवा घरी आणून लावल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान टाकतो, हा अनुभव अनेकांचा आहे. त्यातही व्हडल्या दिवाळीच्या तोंडावर वृंदावनात लावलेली तुळस वाळली, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला ते फार लागते.

याचे कारण बहुतेक वेळा मुळांत असते. रोप पिशवीतून काढताना पाणी शोषणारी सूक्ष्म केशमुळे तुटतात. पानांतून बाष्परूपाने पाणी निघून जाणे मात्र चालूच राहते. नवी केशमुळे फुटेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते दोन आठवडे, रोप या तुटीत जगते. म्हणून पहिला उपाय सावलीचा. रोपवाटिकेतील रोपे बहुधा हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात आणि ऑक्टोबरचे ऊन त्यांना एकदम सोसत नाही. लावणी सायंकाळी करावी. पहिले चार-पाच दिवस कुंडी उजेडाच्या सावलीत ठेवावी, पुढे सकाळचे कोवळे ऊन द्यावे आणि दोन आठवड्यांनी पूर्ण उन्हात न्यावी. वृंदावन हलवता येत नाही, हे खरे. अशा वेळी तुळस आधी कुंडीत रुजवून पंधरा दिवसांनी मातीच्या गोळ्यासकट वृंदावनात उतरवणे उत्तम. तेवढी सवड नसेल, तर माडाच्या चुडताची आडोशाला सावली करावी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. रोपे तहानेपेक्षा अतिपाण्याने अधिक दगावतात. लावल्यावर तळाच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी घालावे. त्यानंतर बोट खुपसून वरची दोन-तीन सेंटिमीटर माती कोरडी लागली, तरच पुन्हा द्यावे. दुपारी मलूल झालेले रोप सायंकाळी सावरत असेल, तर चिंता नको. सकाळीही पाने लोंबत असतील आणि माती ओली असेल, तर मुळे कुजू लागल्याची शंका घ्यावी व पाणी थांबवावे.

आपल्याकडील जांभ्याची तांबडी माती कुंडीत एकटीच भरली, तर घट्ट बसते. माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्यावा. भुशात क्षार असू शकतात, म्हणून तो दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा. तळाशी खडीचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज जुना असला तरी बरोबर नाही. बारीक मातीत धरलेले पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ओलाव्याचा थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. खत दोन-तीन आठवडे घालूच नये, कारण तुटलेल्या मुळांना ते पोळते.

प्रत्येक वनस्पतीचा स्वभाव निराळा. कोथिंबिरीचे सोटमूळ हलवणे सोसत नाही, ती जागच्या जागी पेरावी. कढीपत्त्याच्या मुळांभोवतीची माती फोडू नये. गवती चह्याचा ठोंब लावताना पाती वीतभर ठेवून छाटावीत, म्हणजे बाष्प कमी जाते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात. पुदिना मात्र काडीवरही रुजतो. त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी, नाहीतर तो शेजाऱ्यांची जागा बळकावतो.

कुंडीखालील थाळीत पाणी साठू देऊ नये. मुळांना तर ते घातक आहेच, शिवाय डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

शेंड्याला नवे पान फुटले आणि रोप हलकेच ओढल्यास मातीने धरून ठेवले, की ते रुजले असे समजावे. त्यानंतरच चहाला किंवा चटणीला पाने खुडावीत, तीही एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक नाहीत.