अमरावती-अकोला : हवाई अंतर ७० किलोमीटर

बेलोरा (अमरावती) आणि शिवणी (अकोला) या वऱ्हाडातील दोन विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर-७२ विमानास ते कापण्यास आठ-नऊ मिनिटे पुरतील. उड्डाण व उतरण्याचा वेळ निराळा. मात्र या शहरांदरम्यान विमानसेवा नाही.

बेलोऱ्याची १,८५० मीटरची धावपट्टी १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईच्या प्रवासी सेवेसाठी खुली झाली. १९४३ मध्ये उभारलेल्या शिवणी विमानतळाची धावपट्टी आखूड असून, तिचे विस्तारीकरण कृषी विद्यापीठाच्या जागेच्या प्रश्नामुळे वर्षानुवर्षे रखडले. त्यामुळे बेलोऱ्याहून मुंबईचे विमान गाठू इच्छिणाऱ्या अकोलेकरांना राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून मोटारीने सुमारे दोन तासांचा प्रवास करावा लागतो.