आठ गणपती, बारा फोटो

पुण्याहून नगर रोडने रांजणगावला गेलेल्या बहुतेक कुटुंबांकडे एक फोटो असतोच. महागणपतीच्या देवळापुढे सगळे ओळीने उभे, मुलं पुढे, कुणाच्या तरी हातात प्रसादाची पिशवी. आमच्याकडचा १९८४ सालचा आहे. त्यात आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतोय. उजव्या कडेला मात्र दूर्वा-फुलांची पाटी घेऊन बसलेली एक बाई अर्धीच आली आहे आणि ती मान वळवून रस्त्याकडे बघतेय. तिकडे काय झालं होतं, ते फोटोत नाही. मला अख्ख्या फोटोत तीच खरी वाटते.

असा अवचित क्षण पकडता यायला तंत्राला बराच वेळ लागला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. तेव्हाचं तंत्र ओल्या काचेचं. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच काच धुवायची. म्हणजे प्रवासात तिपाई, बाटल्या आणि अंधारा तंबू सगळं बरोबर हवं. एका फोटोला काही सेकंद लागत. तेवढ्यात जो हलला तो धुरासारखा पुसट होई, जो चालत गेला तो उमटतच नसे. १८६३ मध्ये विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं, तेव्हा माणसांचे फोटो स्टुडिओत घेऊन ते वेगळ्या घेतलेल्या देखाव्यांवर जोडले. त्यात बाहेर उभी दिसणारी कित्येक माणसं तिथे कधी उभीच नव्हती!

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८८ मध्ये कोडॅकचा रोलवाला कॅमेरा आला, १९२५ मध्ये खिशात मावणारा लायका. पण यंत्र आलं म्हणून सवय लगेच बदलत नाही, आणि ती बदलायलाच हवी असंही नाही. याच नगर रोडवर, रांजणगावच्या अलीकडे, भीमेकाठी कोरेगावचा जयस्तंभ आहे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे आले, त्या भेटीचा समूहफोटो आजही अनेक घरांत दिसतो. तो अवचित नाही. पण ज्यांना उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांचं तिथे ताठ उभं राहणं हीच घटना होती. ‘पोझ दिलेला फोटो खोटा’ असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा पाहावा.

आमच्या घरी अडचण साधी होती, हिशेबाची. बाबांचा कॅमेरा आगफा क्लिक थ्री, रोलवर फोटो बारा. गणपती आठ. उरले चार, त्यातले दोन नातेवाइकांसाठी राखीव. रस्त्याचा फोटो कोण काढणार? देवळाची नोंद काय, इतरत्रही मिळते. दगडी गाभारा माधवराव पेशव्यांचा, लाकडी सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांचा, हे कुठल्याही माहितीपुस्तकात आहे. तळघरातली मूळ मूर्ती दहा सोंडांची आणि वीस हातांची, असं सांगतात. तिचा फोटो नसूनही ती सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्याकडेच्या ज्वारी-बाजरीचं तसं झालं नाही. नव्वदच्या दशकात एमआयडीसी आली, कारखाने उभे राहिले, कामगारांच्या खोल्यांच्या चाळी वाढल्या. आधीचं रान कुणी टिपलं नाही, कारण ते जाणार आहे असं वाटलंच नव्हतं.

माझ्या आत्याचं शेत त्यातच गेलं. यात्रेला जाताना आम्ही तिच्या विहिरीवर भाकरी सोडली होती, तासभर थांबलो होतो. एकही फोटो नाही. पैसे मिळाले, मुलांची घरं झाली, आत्याची तक्रार नाही. पण घरात कुणी मोबाइल काढला की ती विचारायची, “विहिरीचा कुनी काढला व्हता का रं?”

दोन वर्षांपूर्वी तिच्या शेजाऱ्यांच्या अल्बममध्ये एका वरातीचा फोटो सापडला. फोटोग्राफरने नवरा-नवरी घोड्यासकट मधोमध घेतली होती. डाव्या कोपऱ्यात, वाजंत्र्याच्या कोपरामागे, दगडी थारोळं आणि त्यावर वाळत घातलेलं एक लुगडं. आत्याने नवरीकडे पाहिलंसुद्धा नाही. थारोळ्यावर बोट ठेवून म्हणाली, “लुगडं माजं हाय.”