मेणबत्ती, फोम आणि भिंतीतलं भोक



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?" आज त्याचं उत्तर एका भोकातून देणार आहे. हसू नका. तुमच्या प्रयोगशाळेत एसीचा पाइप किंवा लॅनची केबल भिंतीतून जिथे जाते, तिथे एकदा नीट बघा. आमच्याकडे त्या फटीत वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला होता.

आता थोडा इतिहास. एखादी भिंत आगीत किती वेळ टिकेल हे ठरवण्यासाठी अमेरिकेत 1918 साली एक प्रमाणित चाचणी आली. आज ती ASTM ई-119 या नावाने ओळखली जाते, पण आपण तिला 'भट्टीची चाचणी' म्हणू. भिंतीचा मोठा नमुना भट्टीसमोर उभा करायचा आणि ठरलेल्या वेगाने तापमान वाढवत न्यायचं: एका तासाला सुमारे 927 अंश सेल्सियस, दोन तासांना 1010. दोन तास टिकली की ती 'दोन तासांची भिंत'. पद्धत चोख होती, पण भट्टीसमोरची भिंत अखंड असायची आणि इमारतीतली भिंत कधीच अखंड नसते. त्यातून पाण्याचे पाइप, विजेच्या केबल, हवेचे डक्ट जातात. त्या भोकांचं काय, हा प्रश्न कित्येक दशकं कुणी नीट मोजला नाही.

तो मोजायला भाग पाडणारी तारीख म्हणजे 22 मार्च 1975. ठिकाण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं ब्राउन्स फेरी अणुऊर्जा केंद्र. पहिल्या दोन अणुभट्ट्या चालू होत्या आणि तिसरीचं बांधकाम सुरू होतं. कंट्रोल रूमच्या खाली केबलची खोली होती आणि तिथून शेकडो केबल भिंतीतल्या भोकांमधून रिअॅक्टरच्या इमारतीत जात होत्या. किरणोत्सर्ग बाहेर पडू नये म्हणून त्या इमारतीतला हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवलेला असतो. साहजिकच भोकात फट राहिली की हवा आत ओढली जाते.

फट शोधायची पद्धत काय होती? पेटती मेणबत्ती! ज्योत भोकाकडे वाकली की तिथे गळती आहे. मग फटीत पॉलियुरेथेन फोम कोंबायचा आणि पुन्हा मेणबत्ती धरून बघायचं. त्या दुपारी दुसऱ्यांदा मेणबत्ती धरली तेव्हा ज्योत आत ओढली गेली आणि फोमने पेट घेतला. ज्या दाबामुळे गळती कळत होती, त्यानेच आग भिंतीपलीकडे नेली.

कामगारांनी आधी टॉर्चने आपटून, मग चिंध्यांनी आग विझवायचा प्रयत्न केला. मग अग्निशामक नळकांडी आली. पण खरी आग पलीकडे केबलच्या ट्रेवर पसरत होती. सोळाशेहून जास्त केबल जळाल्या. पहिल्या अणुभट्टीची आणीबाणीची शीतकरण यंत्रणा निकामी झाली आणि इंधनावरचं पाणी 200 इंचांवरून साधारण 48 इंचांवर आलं. ऑपरेटरांनी हाताशी असलेल्या दुसऱ्या पंपांनी पाणी भरून वेळ निभावली. जवळच्या अथेन्स गावच्या अग्निशमन प्रमुखाने पाणी मारायचा सल्ला दिला होता, पण विजेच्या उपकरणांच्या भीतीने केंद्राचे अधिकारी कचरत होते. शेवटी पाणी मारलं आणि सुमारे सात तासांनी आग विझली. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही.

चौकशीत निघालेल्या दोन गोष्टी मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात. पहिली: सीलच्या आराखड्यात फोमवर आगरोधक लेप होता, पण मेणबत्तीसमोर होता तो लेप नसलेला उघडा फोम. कागदावरचं सील वेगळं आणि भिंतीतलं वेगळं. दुसरी: दोनच दिवस आधी अशीच छोटी आग लागून विझली होती. तिची नोंदही झाली, पण पद्धत बदलली नाही.

त्यानंतर मात्र चक्रं फिरली. 1978 मध्ये केबलच्या सीलसाठी IEEE 634 हे मानक आलं आणि 1981 मध्ये सर्वसाधारण भोकांसाठी ASTM ई-814. म्हणजे भिंतीच्या चाचणीनंतर तब्बल 63 वर्षांनी भोकाची चाचणी! तिच्यात सुटं मटेरियल तपासत नाहीत. भिंत, भोक, केबल किंवा पाइप आणि सील हा सगळा संच एकत्र भट्टीसमोर जातो. भट्टीच्या बाजूला हवेचा दाबही थोडा जास्त ठेवतात. निकाल दोन मिळतात: 'एफ' म्हणजे ज्वाळा किती वेळ अडली आणि 'टी' म्हणजे पलीकडचं तापमान 181 अंशांनी वाढायला किती वेळ लागला.

दोन आकडे कशाला? तांब्याच्या पाइपचं उदाहरण घ्या. त्याच्याभोवतीचं सील ज्वाळा अडवेल, पण तांबं स्वतःच उष्णता पलीकडे नेईल. प्लास्टिकच्या पाइपची गंमत उलटी. तो वितळतो आणि जागी भोक उरतं. म्हणून त्याच्याभोवती तापल्यावर फुगणारी कॉलर बसवतात. मऊ झालेला पाइप ती चिरडते आणि भोक बंद करते. म्हणजे एकाच भिंतीतल्या दोन भोकांची उत्तरं वेगळी.

हे फक्त अमेरिकेचं प्रकरण समजू नका. आपल्याकडे 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुऊर्जा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली. केबल जळाल्या, धूर कंट्रोल रूममध्ये शिरला, लोकांना ती सोडावी लागली आणि केंद्र सुमारे 17 तास विजेविना होतं. सुरुवात वेगळी होती, पण आग आणि धूर कुठून कुठे जाऊ शकतो हा प्रश्न तोच.

आता तुमच्या कामाचं. एखादा पेपर वाचताना "हे मटेरियल दोन तास टिकतं" असं वाक्य आलं तर तिथे थांबा आणि विचारा: कशात बसवून? किती दाबाला? प्रत्यक्षात बसवतात तेच तपासलं का? आणि आपल्या लॅबच्या वहीत "थोडं जळलं, विझवलं" अशी नोंद दिसली तर पान उलटू नका. ब्राउन्स फेरीतही तशीच एक नोंद होती.

आमचा वर्तमानपत्राचा बोळा मी काढायला लावलाय. तुमच्याकडे काय कोंबलंय, ते उद्या जाऊन बघा.