ॲबे फारिया आणि संमोहनविचारातील स्थित्यंतर

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेस्मर यांच्या प्राणिचुंबकत्वाच्या सिद्धांताने पॅरिसमध्ये खळबळ माजविली. एका अदृश्य द्रवाच्या संक्रमणाने रोग बरा होतो, अशी त्यांची धारणा होती. १७८४ मध्ये राजाने नेमलेल्या आयोगाने असा द्रव अस्तित्वात नसल्याचा निर्वाळा देऊन दिसणाऱ्या परिणामांचे श्रेय कल्पनाशक्तीस दिले. ही कल्पनाशक्तीच उपचाराचे साधन ठरू शकते काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्या प्रश्नास दिशा देणारे धर्मगुरू ॲबे फारिया हे मूळचे गोमंतकीय. १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेल्या फारियांनी १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिके केली. समोरच्या व्यक्तीस एकाग्र होण्यास सांगून ते झोपेची आज्ञा देत. या निद्रेचे कारण संमोहकाच्या सामर्थ्यात नसून त्या व्यक्तीच्याच मनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रंगभूमीवर त्यांची टर उडविली गेली. १८१९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षी ते निवर्तले.

पुढे नान्सी येथे लिएबो व बर्नहाइम यांनी सूचनेचे तत्त्व उपचारात रुजविले. १८८९ मध्ये तेथे गेलेल्या फ्रॉइड यांनी कालांतराने संमोहन सोडून संवादाचा मार्ग स्वीकारला.

आज वेदना व चिंता यांवर प्रशिक्षित तज्ज्ञाकडून होणारे संमोहन पूरक उपचार म्हणून वापरले जाते. समुपदेशकही संकटग्रस्तास तयार उत्तर न देता त्याचेच मनोबल जागवितो. पणजी येथील १९४५ च्या शिल्पात फारियांचे पसरलेले हात प्रथम नजरेत भरतात. त्यांच्या विचाराचे केंद्र मात्र त्या हातांसमोरील व्यक्ती होय.